इतर हक्कांच्या सदरातील नाव

वडील निवर्तल्यानंतरचे दिवसकार्य आटोपून वारसनोंदीचा अर्ज देण्यासाठी मी कृष्णाकाठच्या आमच्या गावी तलाठ्याच्या दप्तरी गेलो, तेव्हा ते काम एका दुपारचे आहे अशीच माझी समजूत होती. कारण दोन एकरांच्या मळ्याच्या सातबाऱ्यावर वडिलांचे नाव होते, आई पूर्वीच गेली होती, आणि एकुलत्या मुलाचे नाव आता तेथे लागेल याविषयी माझ्या मनात तिळमात्र किंतु नव्हता.

परंतु जुन्या फेरफाराची नक्कल हाती आली आणि 1963 सालच्या त्या नोंदीवर माझी दृष्टी खिळली. आजोबांच्या मृत्यूनंतर मुलगा, पत्नी व विवाहित मुलगी असे तीन वारस नमूद करून कब्जेदार म्हणून मात्र एकट्या मुलाचे नाव दाखल झाले होते. आजीचे आणि आत्याचे नाव गेले होते ‘इतर हक्क’ या सदरात, विहिरीच्या पाण्याची पाळी आणि सोसायटीचा बोजा यांच्या शेजारी. असा त्या काळी सर्रास प्रघातच होता, आणि ज्या माझ्या वडिलांनी आयुष्यात कोणाचा पैसा बुडवला नाही, त्यांनाही त्यात काही वावगे वाटले नव्हते, हे मला आजही सलते.

तालुक्याच्या वकिलांनी आजोबांचे खरेदीखत मागवून पाहिले. मळा वडिलोपार्जित नव्हता, आजोबांच्या स्वकष्टाचा होता; आणि 17 जून 1956 पासून अमलात आलेल्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे मृत्युपत्रावाचून मरण पावलेल्या पुरुषाच्या अशा मिळकतीत पत्नी, मुलगा व मुलगी यांचा हिस्सा समान असतो. म्हणजे 1963 सालीच आत्याचा तिसरा हिस्सा झाला होता. पुढे आजी गेली तेव्हा तिच्या हिश्शाचा अर्धा भाग मिळून तो निम्मा झाला. सातबारा हा मुळात महसुलाचा कागद आहे. त्यावरील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानतात, पण तिने मालकी निर्माणही होत नाही आणि नष्टही होत नाही. वडिलांनी साठ वर्षे मळा कसला खरा, तथापि एका सहहिस्सेदाराचा ताबा हा सर्वांच्या वतीनेच असतो. साध्या कागदावर दोन साक्षीदारांसमक्ष होणारे आणि मुद्रांकही न लागणारे मृत्युपत्र वडिलांनी केले असते, तरी बहिणीचा एक एकर त्यांना मला देता आलाच नसता.

“हक्कसोडपत्र करून घ्या, बहिणी देतातच,” असा सल्ला गावात पुष्कळांनी दिला. ते मला करायचे नव्हते. पंचाऐंशीच्या घरातील आत्यापुढे मी तो उतारा ठेवला व वाचून दाखवला, तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “इतर म्हणजे कोण रे? त्या विहिरीची माती मी डोक्यावरून वाहिलीय.”

आम्ही वाटणीपत्र केले. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात आत्याचा अंगठा यंत्रावर काही केल्या उमटेना. कामाने रेषाच झिजून गेल्या होत्या. तेथील मुलीने ओल्या फडक्याने तिची बोटे हलक्या हाताने पुसली, पुन्हा दाबून धरली, आणि पाचव्या खेपेस ठसा उठला. पुढे फेरफाराची नोटीस निघाली, हरकतीचे पंधरा दिवस गेले, नोंद मंजूर झाली.

नवा सातबारा घेऊन गेलो, तेव्हा आत्याने नातवाकडून आपले नाव दोनदा वाचून घेतले.

“आणि विहीर?” तिने विचारले.

“सामाईक आहे, आत्या.”

“मग सोमवार ते बुधवार पाणी माझं. आजच लिहून ठेव.”