लोकांचा लाडका कोण?

जपानांत फुटबॉलचे थोर खेळाडू पुष्कळ झाले. पण तेथील लोकांचा जीव जडला तो काझुयोशी मिउरा याच्यावर. त्यास ते ‘किंग काझु’ म्हणतात. हिदेतोशी नाकाता याच्याविषयीं आदर आहे, कौतुक आहे. माया मात्र मिउरावर.

कर्तृत्वाच्या हिशेबानें पारडें नाकाताकडे झुकतें, हें आम्हांसही मान्य आहे. 1998 सालीं इटलींत पेरुजा संघाकडून पहिल्याच सामन्यांत त्यानें युव्हेंटसवर दोन गोल केले. 2001 सालीं रोमा संघाबरोबर इटलीचें विजेतेपद मिळविलें. तीन विश्वचषक स्पर्धा खेळला. मिउरास एकही खेळावयास मिळाली नाहीं! आणि हा तर पंधराव्या वर्षीं, 1982 सालीं, घर सोडून ब्राझीलला गेलेला. गुरुगृहीं राबावें तसा तेथें राबून 1986 सालीं सांतोससारख्या नामांकित संघांत शिरला. 1993 सालीं जपानांत धंदेवाईक लीग सुरू झाली, तिचा पहिला सर्वोत्तम खेळाडू हाच. त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत दोहा येथें इराकविरुद्ध पहिला गोल यानें केला. जपान 2-1 असा पुढें होता. अगदीं शेवटच्या क्षणीं इराकनें बरोबरी केली आणि विश्वचषकाची वाट बंद झाली. 1998 सालीं ती उघडली, तेव्हां शिक्षक ओकादा यांनीं ऐनवेळीं मिउरास वगळलें.

आमच्या घरच्या बायकांचा कर्णावर एवढा जीव कां, याचें उत्तर येथें सांपडतें. परंतु नुसती कींव तीस वर्षें टिकत नाहीं. नाकातानें 2006 सालीं, एकुणतिसाव्या वर्षीं, खेळास रामराम ठोकला. मिउरा दुय्यम श्रेणींत उतरला, पण मैदान सोडीना. 12 मार्च 2017 रोजीं, पन्नाशी उलटल्यावर, योकोहामा एफ.सी.साठीं त्यानें गोल केला आणि संघ त्या एकाच गोलानें जिंकला.

आमचा पुतण्या नाकाताचा अभिमानी. तो एकदां म्हणाला, “काका, मानानें केव्हां उठावें हें नाकातास कळलें, मिउरास नाहीं कळलें.” बोलणें जपानचें असलें तरी रोख आमच्यावर होता. सेवानिवृत्तीनंतरही घराचा जमाखर्च आणि कपाटाच्या किल्ल्या आमच्याच हातीं होत्या. म्हातारा बसून राहिला कीं तरुणाची जागा अडते, हें त्याचें म्हणणें खोटें नव्हे. पण मिउरा राजाचें आसन अडवून बसला नाहीं. खालच्या पंक्तींत मिळेल तें पान घेऊन बसला, हा भेद मुलानें लक्षांत घेतला नव्हता.

मार्गशीर्षांत आम्हीं किल्ल्या व जमाखर्चाची वही पुतण्याच्या स्वाधीन केली. सकाळीं मुलांकडून शब्दरूपें म्हणवून घेण्याचें काम मात्र आमच्याकडेच आहे. तें त्यानें मागितलेलेंही नाहीं.