लकव्यानंतरचं घर आणि मोबाईलमधलं ॲप

आमच्या निपाणी भागात पक्षाघाताला कुणी पक्षाघात म्हणत नाही. ‘अंगावरनं वारं गेलं’ म्हणतात. दीड वर्षापूर्वी माझ्या वडिलांच्या, म्हणजे आण्णांच्या, उजव्या अंगावरनं असंच वारं गेलं. वय ६९. उभी हयात तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिण्यात गेलेली. उजवा हात गेला, बोलणं गेलं, पाय निम्मा वाचला. निपाणीहून कोल्हापूर साधारण ४० किलोमीटर आणि बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणून शेजाऱ्यांनी गाडी कोल्हापूरकडे घेतली. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. शेजाऱ्यांमुळे आण्णा त्या वेळेत पोहोचले.

दहाव्या दिवशी घरी सोडताना फाइल, गोळ्यांची यादी आणि मोबाईलवर एक ॲप मिळालं. मी बंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यामुळे ते चालू करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. पुढे आणखी चार-पाच ॲप वापरून पाहिली. अडचणी साधारण सारख्याच होत्या, म्हणून नावं घेत नाही. आपल्या मंडळातल्या पुष्कळांचे आईवडील गावी असतात. त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून हे लिहिते आहे.

मुळात कल्पना वाईट नाही. मेलेला हात परत हलायला लागायचा तर तीच हालचाल दिवसात शेकडो वेळा करावी लागते. २००९ साली अमेरिकेतल्या एका पाहणीत असं दिसलं, की व्यायामाच्या एका सत्रात रुग्णाच्या हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२च होतात. फिजिओथेरपिस्ट रोज घरी येऊ शकत नाही. निपाणीसारख्या गावात वाचा-उपचार करणारं माणूस मिळणं तर त्याहून अवघड. मग राहिलेली मोजणी आणि आठवण मोबाईलने करावी, हे पटण्यासारखं आहे.

अडचण पडद्यापासून सुरू झाली. आण्णांच्या मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली, त्यामुळे उजव्या बाजूचं त्यांना नीट दिसत नाही. ताटात उजवीकडे वाढलेली भाजी तशीच राहायची. आईला आधी वाटलं, भाजी आवडली नाही. ॲपमधलं ‘पुढे’ हे बटण पडद्याच्या खाली उजव्या कोपऱ्यात असतं. म्हणजे नेमकं त्यांना न दिसणाऱ्या जागी आणि डाव्या अंगठ्यापासून सगळ्यात लांब. दर काही दिवसांनी ॲप पुन्हा ओटीपी मागायचं. ज्याला आकडे ओळखायला मिनिट लागतं, त्याच्यासाठी ओटीपीची मुदत म्हणजे शर्यतच. बटणं पुरेशी मोठी असावीत, वेळेची मर्यादा वाढवता यावी, असे निकष वेबसाठी जगभर ठरलेले आहेत. आम्ही ऑफिसात ते वाचतो, यादीवर खूण करतो. त्या खुणेचा अर्थ मला आण्णांच्या अंगठ्याकडे बघताना कळला.

दुसरी अडचण भाषेची. ॲप सुरुवातीलाच विचारतं, भाषा निवडा. आण्णांनी काय निवडावं? घरी मराठी, वखारीची वही मराठीत, पण चिकोडी-हुक्केरीकडच्या शेतकऱ्यांशी व्यवहार कन्नडमध्ये. वाचा गेल्यानंतर तीन आठवड्यांनी त्यांच्या तोंडून पहिला शब्द आला तो ‘बेड’. कन्नडमध्ये त्याचा अर्थ ‘नको’. आई हसली आणि मग रडली. पुढे बरेच दिवस ‘नको’ येईना, ‘बेड’ यायचं. ‘पुरे’ येईना, ‘साक’ यायचं. पाणी मात्र मराठीत मागायचे. दोन भाषा येणाऱ्या माणसाची कुठली भाषा आधी परतते, यावर दीडशे वर्षं वाद चालू आहे. फ्रान्समधल्या रिबो यांचं म्हणणं होतं, लहानपणी आधी शिकलेली. पित्र यांनी १८९५ साली मांडलं, आजारापूर्वी जास्त वापरातली. आमच्या घरात दोघंही थोडे थोडे बरोबर ठरले. ॲपला मात्र मराठी निवडल्यावर ‘बेड’ हे उत्तर चूक वाटायचं.

तिसरी अडचण मला सगळ्यात गंभीर वाटते. ॲप रोज संध्याकाळी पाच चेहरे दाखवून विचारायचं, आज कसं वाटतंय? हसरा चेहरा डावीकडे, रडका उजवीकडे. आण्णा रोज हसरा दाबायचे, कारण तोच त्यांना दिसायचा. तिसऱ्या महिन्यात ते भिंतीकडे तोंड करून झोपायला लागले. अर्धी भाकरीसुद्धा जाईना. शब्द येत नसताना हरिपाठ मात्र ते सुरात म्हणत. मेंदूत गाण्याची वाट वेगळी असते, म्हणून बोलणं गेलेल्या काहींना गाता येतं. तो हरिपाठही थांबला. ॲपच्या अहवालात महिनाभर हसरे चेहरे होते. आईने डॉक्टरांना सांगितलं, ‘ह्यांचं मन लागंना झालंय.’ औषध सुरू झालं आणि सहा-सात आठवड्यांत फरक दिसला. लकव्यानंतर साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य येतं. घरातल्या माणसाचं लक्ष असेल तर ते पकडता येतं.

आता त्या माणसाबद्दल, म्हणजे आईबद्दल. ॲप रुग्णासाठी असतं, पण वापरावं लागतं ते आईला. सकाळ, दुपार, संध्याकाळ असे व्यायामाचे तीन रकाने. झाला तर हिरवा, राहिला तर लाल. आई पाचला उठते. आण्णांची आंघोळ, कपडे, जेवण, औषधं, मग घरचं सगळं. दुपारचा रकाना लाल झाला की रात्री फोन यायचा, ‘आज माझ्याकडनं ऱ्हायलं गं.’ काही आठवड्यांनी सगळे रकाने हिरवे यायला लागले. मात्र व्हिडिओ कॉलवर फिजिओथेरपिस्ट मॅडमना खांदा आखडलेला दिसला. विचारल्यावर आई म्हणाली, ‘त्या लाल रंगाचं मला भ्या वाटायचं. मी आपलं दाबून टाकत होते.’ तिला कुणी रागावलं नाही. रागवावं असं त्यात काही नव्हतंच.

त्यानंतर मी आपल्या देशातले दोन मोठे अभ्यास शोधून वाचले. पहिला ‘अटेंड’, २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला. भारतातली १४ रुग्णालयं, १२५० रुग्ण. नेहमीच्या उपचारांबरोबर निम्म्या घरांतल्या माणसांना व्यायामाचं वेगळं प्रशिक्षण दिलं. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व यांत दोन्ही गटांत फरक नव्हता. दुसरा ‘स्प्रिंट इंडिया’, २०२३ सालचा. ३१ केंद्रं, ४२९८ रुग्ण, बारा भाषांत एसएमएस, व्हिडिओ आणि एक पुस्तिका. वर्षभरात पुन्हा झटका येण्याचं प्रमाण त्यामुळे कमी झालं नाही. मात्र सिगारेट-दारू सोडणारे आणि गोळ्या नियमित घेणारे त्या गटात थोडे जास्त निघाले.

पहिल्या अभ्यासाबद्दल मी आईला फोनवर सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘म्हंजे माझ्यामुळं न्हाई?’ तिच्या मनात वर्षभर हे होतं, आणि आमच्यापैकी कुणाला ते कळलं नव्हतं. व्यायाम सोडून द्या, असा या अभ्यासांचा अर्थ नाही. खांदा हलवला नाही तर तो आखडतोच. पण माणूस पूर्ण उठला नाही तर तो दोष बायकोचा किंवा सुनेचा ठरत नाही, एवढं त्यावरून म्हणता येतं.

सध्या आमच्या घरी असं चालतं. ॲपमधलं फक्त गोळ्यांचं गजर ठेवलंय. रक्तदाब भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकोनात लिहिला जातो आणि रविवारी त्याचा फोटो मला येतो. तपासणीला डॉक्टरांना तेच पान दाखवतो. आठवड्यातून दोनदा बेळगावच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमचा व्हिडिओ कॉल असतो. बोलण्याच्या सरावासाठी ॲपमध्ये पियानो आणि बर्फातला माणूस होता. त्याऐवजी मी घरातल्या चाळीस वस्तूंचे फोटो काढले. तांब्या, विळी, अडकित्ता, चंची, वखारीतला तराजू, भाच्याची सायकल. प्रत्येक फोटो पडद्याच्या डाव्या अर्ध्यात, खाली काही नाही. उत्तर मराठीत येवो की कन्नडमध्ये, दोन्ही बरोबर. चंचीचा फोटो बघून आण्णा अजून हात पुढे करतात. तंबाखू बंद आहे, आणि निपाणीत ते पाळणं व्यायामापेक्षा अवघड आहे.

सगळ्यात जास्त शब्द मात्र गुरुवारी बाजारच्या वाटेवर येणाऱ्या त्यांच्या वखारीतल्या मित्रासमोर फुटतात. ते १९८१ च्या तंबाखू आंदोलनाची गोष्ट मुद्दाम चुकीची सांगतात, आणि आण्णा डावा हात उगारून त्यांना दुरुस्त करतात.

गावी कुणाला असं झालं असेल तर एक-दोन गोष्टी करून पाहा. ॲप देण्याआधी त्यांना कुठल्या बाजूचं दिसतं, ते ताटावरून पाहा. लाल-हिरवे रकाने बंद करता येत असतील तर बंद करा. चेहरा वाकडा झाला, हात गळाला, बोलणं अडखळलं, तर ॲप न शोधता १०८ ला फोन करा, हे शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा. आणि रात्री फोन केलात तर ‘व्यायाम झाला का’ विचारायच्या आधी आईला विचारा, ‘तू जेवलीस काय?’