डाव आपला, फाइल कुणाची?

बुद्धिबळाचे डाव साठवायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, हा प्रश्न बहुतेकांना स्पर्धेची तयारी करताना पडतो. मला तो बाबांच्या वह्यांमुळे पडला. बाबा सांगलीचे. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळात त्यांच्या तरुणपणीच्या कित्येक संध्याकाळी गेल्या. खेळलेले डाव त्यांनी तीन वह्यांमध्ये लिहून ठेवलेत. काही समोरासमोरचे आहेत, तर काही पोस्टकार्डावर एकेक चाल पाठवत महिनोन्‌महिने चाललेले. सगळे मिळून दोनशेच्या आसपास. बाबा आता ७४ वर्षांचे आहेत आणि त्यांना बारीक अक्षर वाचवत नाही. वह्या माझ्याकडे मेलबर्नला आल्या आहेत, पण त्या वाचायची किल्ली अजून त्यांच्याच डोक्यात आहे.

किल्ली म्हणायचं कारण असं की हे डाव जुन्या वर्णनात्मक पद्धतीने लिहिलेले आहेत. त्या पद्धतीत प्रत्येक खेळाडू आपल्या बाजूने घरं मोजतो. 'पी-के४' म्हणजे राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे. पांढऱ्याने लिहिलं तर आजच्या भाषेत ते ई४ होतं, काळ्याने लिहिलं तर ई५. 'फिडे'ने १९८१ पासून ही पद्धत अधिकृत मानणं बंद केलं. संगणकावरचे डाव बीजगणिती पद्धतीने साठवले जातात, तेव्हा प्रत्येक चाल पटावर खेळून पाहूनच भरावी लागते. घाईत कुठला घोडा ते लिहायचं राहिलं असेल, तर पुढच्या चालींवरून तर्क करायचा, नाहीतर सांगलीला फोन लावायचा.

एवढी मेहनत घालायची तर ती कुठे साठवायची? माझी पोस्टडॉकची नेमणूक दोन-दोन वर्षांची असते आणि मेलबर्न हे माझं तिसरं शहर. घरी मॅक आहे, प्रयोगशाळेत लिनक्स, सांगलीला बाबांचा जुना विंडोजचा संगणक, आणि पुण्यात स्पर्धा खेळणाऱ्या बारा वर्षांच्या भाच्याकडे फक्त फोन. या चारही ठिकाणी उघडेल असं काहीतरी मला हवं होतं. शिवाय संशोधनात एक धडा मिळालेला आहे. एका यंत्राची मोजमापं त्याच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय उघडत नसत, आणि परवान्याची मुदत संपली की आपलीच आकडेवारी आपल्याला परकी होई. तेव्हापासून कुठलाही प्रोग्रॅम घेताना मी आधी विचारते, यातून बाहेर कसं पडायचं?

या क्षेत्रातलं सर्वांत मोठं नाव चेसबेस. हॅम्बुर्गची ही कंपनी १९८० च्या दशकापासून डेटाबेस बनवते आहे आणि व्यावसायिक खेळाडूंच्या लॅपटॉपवर तो बहुधा असतोच. त्यांच्या मेगा डेटाबेसमध्ये एक कोटीहून अधिक डाव आहेत. एखाद्या प्रतिस्पर्ध्याची तयारी करायची असेल तर पैसे खर्च करावेत असंच ते साधन आहे. मात्र तो विंडोजचा प्रोग्रॅम आहे, आणि त्याचा स्वतःचा सीबीएच हा साचा म्हणजे एक फाइल नसून एकाच नावाच्या फाइलींचं अख्खं कुटुंब असतं. डावांची यादी एकीत, चाली दुसरीत, टिपा तिसरीत, खेळाडूंची नावं चौथीत. कुणाला पाठवताना फक्त सीबीएच फाइल पाठवली तर नुसती यादी पोहोचते, डाव इथेच राहतात. त्यासाठी सगळ्यांची एक मोट बांधून देणारा सीबीव्ही हा साचा त्यांनीच दिलाय, तो वापरावा. पीजीएनमध्ये डाव बाहेर काढायची सोयही आहे.

दुसरा पर्याय स्किड. शेन हडसन या प्रोग्रॅमरने तो सुरू केला आणि खुला, फुकट ठेवला. पुढे त्याला 'स्किड व्हर्सेस पीसी' अशी शाखाही फुटली. दोन्ही विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतात. दिसायला जुनाट आहेत, पण लाखो डावांतून एखादी स्थिती शोधायला वेळ घेत नाहीत. त्यांचाही स्वतःचा साचा आहे, तीन फाइलींचा. तिसरा पर्याय लीचेस या फुकट संकेतस्थळावरचा 'स्टडी'. काही बसवावं लागत नाही, फोनवर उघडतो, पण एका स्टडीत ६४ च डाव मावतात. भाच्याला मी निवडक डाव तिथेच दाखवते.

इंजिनांची चिंता मी सर्वांत आधी करत होते, आणि तीच सर्वांत कमी निघाली. स्टॉकफिशसारखं इंजिन हा पट नसलेला, वेगळा प्रोग्रॅम असतो. डेटाबेस त्याला साध्या मजकुरात स्थिती सांगतो, तो उत्तरात चाल आणि मूल्यांकन देतो. या संभाषणाचे नियम, म्हणजे यूसीआय, २००० साली ठरले आणि आज जवळपास सगळी इंजिनं ते पाळतात. त्यामुळे कुठलंही इंजिन कुठल्याही डेटाबेसला जोडता येतं. फक्त आपल्या प्रोसेसरला चालणारी आवृत्ती उतरवावी लागते, आणि लीला चेस झिरो घ्यायचं तर ग्राफिक्स कार्ड चांगलं हवं. इंजिन भाड्याच्या गाडीसारखं आहे, हवं तेव्हा बदलता येतं. सामान मात्र आपलं असतं.

सामान ठेवायला पीजीएन. स्टीव्हन एडवर्ड्स यांनी १९९३ च्या सुमारास आखलेला हा साचा म्हणजे निव्वळ मजकूर आहे, नोटपॅडमध्येसुद्धा उघडतो. वरती सात ओळी: स्पर्धा, ठिकाण, तारीख, फेरी, पांढरा, काळा, निकाल. खाली चाली. मोठ्या शोधाला तो संथ, पण दोनशे डावांना काय लागतं?

आपल्यापुरती एक अडचण आहे. मूळ नियमांत पीजीएनची अक्षरं लॅटिन-१ या संचातली धरलेली आहेत, त्यात देवनागरी नाही. बाबांच्या टिपा तर मराठीत. 'इथे उंट दिला ते बरं केलं', 'हत्ती उगाच हलवला'. या टिपांशिवाय त्या वह्यांत बाबा कुठे उरतात? म्हणून माझी परीक्षा सोपी आहे. एका डावात मराठी टीप लिहायची, फाइल यूटीएफ-८ मध्ये बाहेर काढायची, दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडायची, तिथून पुन्हा बाहेर काढून पहिल्यात आणायची. अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा चौकोन दिसले तर तो प्रोग्रॅम बाद. विकत घेण्याआधी चाचणीची आवृत्ती मिळत असेल, तर तिच्यावर हेच पाहावं.

दुसरी अडचण नावांची. डेटाबेस आडनाव आधी मागतो. नाशिकच्या विदित गुजराथीचं नाव फिडेच्या यादीत विदित हेच आडनाव असल्यासारखं लागलेलं आहे. काही डेटाबेसांत ते गुजराथीखाली आहे. एकाच माणसाची दोन माणसं होतात. बाबांच्या प्रतिस्पर्ध्यांची आडनावं रोमन लिपीत लिहिताना तर प्रत्येकाची तीन-तीन रूपं संभवतात. त्यामुळे नावांची एक यादी आधीच करून ठेवली आहे आणि तिच्याबाहेर स्पेलिंग करायचं नाही असा नियम.

इथे ऑस्ट्रेलियात मला वारंवार सेसिल पर्डी आठवतो. सिडनीचा हा माणूस पत्राने खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळाचा पहिला जगज्जेता, १९५३ चा. त्याने १९२९ पासून स्वतःचं बुद्धिबळ मासिक चालवलं. त्याच्या काळाची टिपणं छापून निघाली आणि छापील पान कुणालाही वाचता येतं. सांगलीच्या पोस्टकार्डांना मासिक नव्हतं. त्यांच्यासाठी ते काम आता एका मजकूर-फाइलीने करायचं आहे.

तर माझी मांडणी अशी: मूळ प्रत पीजीएन, तिच्या तीन नकला तीन ठिकाणी. त्यावर शोधाशोध करायला स्किड, भाच्यासाठी लीचेस, इंजिन स्टॉकफिश. भाचा उद्या चेसबेस घेईल, तर त्यालाही हीच फाइल चालेल.

पीजीएनमधली एक गोष्ट मला विशेष आवडते. माहीत नसलेल्या जागी प्रश्नचिन्ह लिहायची त्यात रीतसर मुभा आहे. वर्ष आठवतं पण महिना नाही, तर '१९७८.??.??'. माझ्या फाइलीत अशी प्रश्नचिन्हं पुष्कळ आहेत. सॉफ्टवेअर कधीही बदलता येईल, पण ती पुसणारा माणूस आज फोनवर आहे. तुमच्या घरीही अशा वह्या असतील, तर प्रोग्रॅमांची तुलना एखाद्या संध्याकाळीच उरका आणि भरायला बसा.