डिशवॉशर उघडण्याआधी

डिशवॉशर हे मुळात पाणी खेळवणारं यंत्र आहे. नळातून तीन-चार लिटर पाणी आत येतं आणि तळाच्या खळग्यात साठतं. पंप ते वर ढकलतो, फिरत्या स्प्रे आर्मच्या भोकांतून ते भांड्यांवर आदळतं, गाळणीतून पुन्हा खळग्यात उतरतं आणि परत वर जातं. मधल्या काळात हीटर ते तापवतो. वेळ भरली की दुसरा, लहान पंप सगळं पाणी बाहेर फेकतो आणि नवं पाणी घेतलं जातं. जोसेफिन कॉक्रन यांनी १८८६ साली अमेरिकेत ज्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्याचंही तत्त्व हेच होतं: भांडी घासायची नाहीत, तारेच्या कप्प्यांत जागच्या जागी धरून ठेवायची आणि त्यांच्यावर साबणाचं गरम पाणी जोराने मारायचं.

घरी दुरुस्ती करणाऱ्याला हा क्रम तोंडपाठ हवा. ‘मशीन बंद पडलं’ ही तक्रार बहुतेक वेळा खरी नसते. मशीन भरणं, फिरवणं, तापवणं, उपसणं यांपैकी एका पायरीवर अडलेलं असतं. ती पायरी कोणती हे स्क्रू ड्रायव्हरपेक्षा कानाला लवकर कळतं. सुरुवातीला उरलेलं पाणी उपसल्याची घरघर, मग व्हॉल्व्ह उघडल्याची सळसळ, मग दाराच्या आतल्या बाजूवर ठरावीक लयीत आपटणारं पाणी. यातला कोणता आवाज आला नाही, हे टिपलं की अर्धं निदान झालं. पडद्यावर उमटणारा एरर कोड उपयोगी असतो, पण यंत्र कुठे थांबलं एवढंच तो सांगतो. का थांबलं, हे त्यालाही ठाऊक नसतं. उपशाचा कोड आला म्हणून नवा पंप मागवणाऱ्यांच्या सिंकखाली बऱ्याचदा नुसती दुमडलेली नळी सापडते.

भांडी नीट निघत नसतील तर आधी गाळणी पाहावी. ती खळग्यावर बसवलेली असते, पाव फेरा फिरवून उचलली की बाहेर येते आणि तिचे दोन-तीन भाग वेगळे होतात. मराठी स्वयंपाकघरात तिच्यात काय अडकतं हे सांगायला नको: फोडणीतली मोहरी, कढीपत्त्याच्या शिरा, डाळीची सालं आणि या सगळ्याला धरून ठेवणारं गोठलेलं तूप. कोमट पाणी, साबण आणि जुना टूथब्रश पुरतो. तारेची घासणी जाळीची भोकं मोठी करते, ती नको. स्प्रे आर्म काढून उजेडाकडे धरले की बुजलेली भोकं दिसतात. जिरं किंवा मोहरी एखाद्या भोकात नेमकी बसते. टूथपिकने ती आत न ढकलता बाहेर ओढावी. आर्म हातात हलवल्यावर आत काही खुळखुळलं तर तो वाहत्या नळाखाली उलटसुलट धरून रिकामा करावा. खालच्या कप्प्यातल्या कढईचा कान आर्मला अडत असेल, तर मात्र दुरुस्ती यंत्राची नाही, भांडी लावण्याची आहे.

काचेच्या ग्लासांवर पांढुरका थर येणं हा वेगळा प्रकार. यंत्राच्या पोटात पाणी मऊ करणारा रेझिनचा डबा असतो. रेझिन पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतं, बदल्यात सोडियम सोडतं. आणि स्वतः भरून गेलं की मिठाच्या द्रावणाने धुऊन पुन्हा कामाचं होतं. म्हणूनच तळाच्या झाकणाखाली मीठ घालायचं असतं. ते जाड, शुद्ध मीठ हवं. जेवणातलं बारीक मीठ डब्यात घट्ट बसतं आणि त्यात आयोडीन व गुठळ्या न होण्यासाठी घातलेली द्रव्यं असतात. साबणाची पावडर तिथे चुकून पडली तर रेझिनच वाया जाऊ शकतं. मीठ किती वेळा वापरायचं हे पाण्याच्या कठीणपणाच्या सेटिंगवर ठरतं, आणि खरी गोम तिथे आहे. पुण्यात खडकवासल्याचं पाणी मऊ, बोअरचं कठीण. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर सुरू झाले की तेच यंत्र, तीच पावडर आणि तेच ग्लास असूनही थर दिसू लागतो, आणि दोष यंत्राच्या माथी जातो. कठीणपणा तपासण्याची कागदी पट्टी पाण्यात बुडवून सेटिंग बदललं की काम होतं. थर क्षाराचाच आहे का हे पाहायला ग्लासवर व्हिनेगरचे चार थेंब पुरेत: निघाला तर क्षार, न निघाला तर काचच झिजली आहे आणि तिच्यावर इलाज नाही.

पाणी आतच येत नसेल तर नळ उघडा आहे ना, हे पाहणं पोरकट वाटलं तरी टाळू नये. त्यानंतर नळाशी जोडलेल्या नळीच्या तोंडाची छोटी जाळी पक्कडीने काढावी. गच्चीवरची टाकी नुकतीच धुतली असेल तर या जाळीत रेती भरलेली असते. काही नळ्यांच्या तोंडाशी प्लॅस्टिकचा जाडजूड डबा असतो. त्यात विजेचा व्हॉल्व्ह असल्यामुळे तो पाण्यात बुडवू नये आणि नळी कापूनही चालत नाही.

जाळी स्वच्छ असूनही पाणी चढत नसेल तर इमारतीकडे पाहावं. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण १ बार असतो. पुष्कळ डिशवॉशरना निदान ०.५ बार दाब लागतो, म्हणजे टाकी पाचेक मीटर तरी वर हवी. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटला टाकीपासून तीन-चार मीटरच मिळतात. तिथे यंत्र पाणी भरतानाच रुसतं, आणि तेच यंत्र तीन मजले खाली नेलं तर बिनतक्रार चालतं. इथे व्हॉल्व्ह बदलून पैसे घालवू नयेत. प्रेशर पंप बसवावा.

पाणी उपसलं जात नसेल तर प्लग काढावा. यंत्राचं बटण बंद करणं पुरेसं नाही. आत वीज राहते. नळही बंद करावा. साचलेलं पाणी मगाने आणि स्पंजने काढून घ्यावं. खळग्यात थेट बोटं घालू नयेत, कारण अडथळा बहुधा फुटलेल्या ग्लासाच्या टवक्याचा असतो. गाळणीच्या खाली, कोपऱ्यात, पंपाचं लहान झाकण असतं. अनेक यंत्रांत ते चमच्याच्या दांड्याने उचकटता येतं. त्यामागे पंपाची पंखी दिसते. तिथे काचेचा टवका, चिंचोका, लिंबाची बी, टूथपिक, मटणाच्या हाडाचा तुकडा यांपैकी काहीतरी निघतं. ते चिमट्याने काढून पंखी काडीने फिरवून पाहावी. ती सैल गरगर फिरत नाही, अडखळत, ठेचा खात फिरते, आणि नवखा माणूस इथेच फसतो. आत कायमचुंबक असल्यामुळे निरोगी पंपाचीही पंखी तशीच फिरते. ती हलतच नसेल किंवा चुंबकाची ओढ न जाणवता मोकळी भिरभिरत असेल, तर मात्र पंप गेला.

पंखी ठीक असूनही पाणी निघत नसेल तर दोष पुढच्या वाटेवर असतो. सिंकच्या पाइपला नळी जिथे जोडलेली असते तिथे तुपाचा बोळा साचतो. नव्या जोडणीत त्या तोंडाचं बंद टोक कापायचंच राहून गेलेलं असतं. याच्या नेमका उलट बिघाडही आपल्याकडे दिसतो. नळी मोरीच्या जाळीत जमिनीलगत खुपसलेली असते आणि यंत्र भरत असतानाच पाणी सायफनने आपोआप वाहून जातं. यंत्र भरतच राहतं आणि शेवटी हार मानतं. नळी पुस्तिकेत दिलेल्या उंचीवर अडकवली की हा खेळ थांबतो.

उपसण्याचा पंप अखंड चालू असेल आणि यंत्र काही केल्या पुढे सरकत नसेल, तर तळाच्या ट्रेमध्ये पाणी आलेलं असण्याची शक्यता मोठी. तिथला तरंगता फ्लोट वर उचलला गेला की यंत्र गळती समजून बाकी सगळं बंद करतं. यंत्र पुढे कलवून ते पाणी ओतता येतं; त्याला दोन माणसं आणि हातमोजे हवेत, कारण खालच्या पत्र्याच्या कडा धारदार असतात. पण पाणी आलं कुठून हे शोधल्याशिवाय ही दुरुस्ती आठवडाभरही टिकत नाही. दाराच्या खालच्या कडेचा रबर पाहावा. हाताने भांडी घासायचं लिक्विड कुणी आत घातलं होतं का, हेही विचारावं. त्याचा फेस दारातून झिरपून थेट ट्रेमध्ये उतरतो.

हीटरची तपासणी मल्टिमीटरने होते. २३० व्होल्टवर २००० वॅटचा हीटर प्लग काढलेला असताना साधारण २६ ओहम दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटला आहे. प्रोग्रॅम सुरू होताच नव्हे, तर पाणी तापू लागण्याच्या सुमारास घराची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल, तर संशय हीटरवरच घ्यावा. अर्थिंग नसलेल्या किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर चालणाऱ्या यंत्राला हात लावण्याआधी ती व्यवस्था बदलावी. त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट लागतो. सर्किट बोर्डावरचा जळका रिले घरी झाळणारे हौशी असतात, पण ते काम टेक्निशियनचं. वॉरंटीतलं यंत्र तर गाळणीपलीकडे उघडूच नये.

जोडणी झाली की गाळणी नीट अडकली आहे ना हे पाहून, भांड्यांशिवाय छोटा प्रोग्रॅम लावावा आणि सांध्यांखाली वर्तमानपत्र पसरावं. भरणं आणि उपसणं दोन्ही एकदा ऐकू येईपर्यंत तिथेच थांबावं. कागद कोरडा राहिला तर यंत्र ओट्याखाली परत सरकवावं, आणि सरकवताना मागची नळी दुमडत नाही ना, तेवढं टॉर्च मारून पाहावं.