फुकटचं लाकूड

श्रीवर्धन

चि. मुक्ता,


वाडग्याला कुठलं तेल लावू, एवढंच विचारलंयस. ते सांगतो. पण आधी तुझी दुसरी ओळ. 'दोन ओंडके फुकट मिळाले.' काल रात्री दिवा मालवला तरी ती डोक्यातून जाईना. अगं, त्यातला एक आपल्या परसातला बरका फणस! ३ जून २०२० ला निसर्ग वादळात तो आडवा झाला, तेव्हा आजी पडवीत कशी बसली होती, तू पाहिलंयस. ते लाकूड फुकटचं?

तेल जवसाचं, कच्चं. बोटाने पातळ चोळायचं, अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने पुसायचं, आठवडाभर थांबून पुन्हा. खोबरेल लावू नकोस. ते सुकत नाही, पुढे खवट वास मारतं.

पण तेल शेवटचं, मुक्ता. तू अख्खी गोल चकती कापलीस, मधल्या गाभ्यासकट, आणि आता भेग गेली म्हणून रेझिन भरणार म्हणतेस. भेग जाणारच होती. लाकूड वाळताना वर्तुळांच्या अंगाने जेवढं आखडतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडे आखडतं. ही ओढाताण अख्ख्या चकतीला सोसत नाही. ओंडका उभा चिरून गाभा काढून टाकायचा आणि अर्ध्या फाळीतून वाडगा घ्यायचा. भेग बुजवून झाड गप्प बसत नाही गं.

आजीची काठवट आठव. सलग एका लाकडातली, कुठे सांधा नाही. भाकरीचं पीठ मळून मळून आतून गुळगुळीत झालेली. पण पालथी घालून हात फिरव, वाकसाचे घाव बोटांना लागतात. करणाऱ्याने तळ घासला नाही, कारण तो कुणाला दिसणार नव्हता. मला तो तळच जास्त आवडतो. तू मात्र सगळं पॉलिश पेपरने घासून काचेसारखं करशील, अशी भीती वाटते. फणसाची ताजी ढलपी हळदीसारखी पिवळी असते, उजेडात राहून राहून तपकिरी होते. त्यावर रंग चढवू नकोस, तो आपला आपण येतो.

पटाशी रोज पाजळ. बोथट हत्याराला जोर लागतो आणि जोर लावला की ते निसटतं. डावा हात पटाशीच्या पुढे कधीही नाही! मागच्या मे महिन्यातले टाके विसरलीस? शिकंजा घे, पैसे मी पाठवतो. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नकोस. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. बाहेर दोरीवर एकेक पसरून वाळव.

आणि दुसरा ओंडका? 'रस्त्याकडेला पडला होता' एवढंच लिहिलंस. कशाचा? इकडचा काजरा असेल तर त्याच्या बियांत स्ट्रिक्नीन असतं, सालही विषारी. बिब्बा असेल तर चिकाने हात फोडांनी भरतील. अशा लाकडाच्या वाडग्यात कुणी उद्या शेंगदाणे ठेवले तर? झाड ओळखल्याशिवाय लाकडाला हात लावायचा नाही, हे तुला लहानपणापासून सांगितलंय.

सालीचा आणि कापलेल्या तोंडाचा फोटो आजच पाठव. माझं उत्तर येईपर्यंत त्या ओंडक्याला हत्यार लावू नकोस.

तुझा,
काका