बारा मिलिमीटरचा मीटरगेज

मराठीतल्या ‘छंद’ या शब्दाने मला नेहमीच अडचणीत आणले आहे. वर्गात माधवराव पटवर्धनांच्या ‘छंदोरचने’चा हवाला देऊन मी सांगतो की छंद म्हणजे माप, छंद म्हणजे आपण होऊन पत्करलेले बंधन. घरी त्याच शब्दाचा अर्थ नाद किंवा खूळ असा होतो, आणि तो अनेकवचनात आला की सरळ आरोप ठरतो. माझ्यावर तो अनेकवचनातच झाला. छोट्या रेल्वेगाड्या, इलेक्ट्रॉनिक्स आणि रिळावरचे छायाचित्रण हे तीन उद्योग मी कित्येक वर्षे आलटून पालटून करीत आलो आहे. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण आमच्याकडे पूर्ण म्हणावीच लागत नसे. माझे वडील, म्हणजे अण्णा, कपाट उघडून पाहत आणि नुसते म्हणत, “झालं भाराभर.”

अण्णा रेल्वेत गँगमन होते. आमचे गाव कनेरगाव नाका. एकेकाळी निजामाचा मुलूख इथे संपे आणि वऱ्हाड सुरू होई. आज हिंगोली जिल्हा संपतो आणि वाशीम सुरू होतो. पूर्णा–हिंगोली हा मीटरगेज फाटा निजामाच्या काळातला, १९१२चा. हिंगोलीच्या पुढे वाशीम, अकोला, खांडवा अशी रेल्वे जोडली गेली ती स्वातंत्र्यानंतर. काचीगुड्याहून जयपूरला जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस याच मार्गाने धावे. आमच्या लहानपणी राजस्थान म्हणजे तिच्या खिडक्यांतून दिसणारे फेटे. अण्णांचे सारे आयुष्य दोन रुळांमधले एक मीटरचे अंतर राखण्यात गेले. मापाविषयी त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

रेडिओचे वेड शाळेत असतानाच लागले. फेराइट रॉड, गँग कंडेन्सर, भंगारातला एखादा ट्रान्झिस्टर, आणि रात्री कानाशी आलेले परभणी आकाशवाणी केंद्र. त्याबद्दल अधिक लिहीत नाही. त्या पिढीतल्या निम्म्या मुलांची हीच कथा आहे. कॅमेरा नोकरी लागल्यावर आला, रशियन बनावटीचा, वापरलेला झेनिट.

रेल्वेची प्रतिकृती करता येते हे मात्र पुण्यात कळले. भाऊ जोशी यांनी छंद म्हणून जमवलेल्या आणि घडवलेल्या गाड्यांचे लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी कोथरूडला खुले झाले. ते ज्या रस्त्यावर आहे त्याला जी. ए. कुलकर्णींचे नाव आहे, हे मराठीच्या शिक्षकाला सुखावणारे होते. (जी.ए. स्वतः चित्रे काढीत. शब्दांनी न भागणारे काहीतरी हातांना हवे असते, याचा हा एक दाखला म्हणून मी तो घरी वारंवार दिला. उपयोग झाला नाही.) गाड्या पाहून परतलो आणि हिशेब मांडायला बसलो. ‘एचओ’ या प्रचलित प्रमाणात प्रत्येक वस्तू सत्त्याऐंशी पटींनी लहान होते. त्या प्रमाणाचा तयार रूळ साडेसोळा मिलिमीटरचा मिळतो, कारण युरोप-अमेरिकेचा गेज १४३५ मिलिमीटरचा. आपला ब्रॉडगेज १६७६चा, मीटरगेज हजाराचा. म्हणजे त्या तयार रुळावर आपली कुठलीच गाडी खरी बसत नाही. हजाराला सत्त्याऐंशीने भागले की साडेअकरा येतात. परदेशात मीटरगेजसाठी बारा मिलिमीटरचा रूळ वापरतात. मी तेच माप धरले आणि रूळ हातानेच करायचे ठरवले. रेडिओच्या सर्किटसाठी आणलेल्या तांब्याच्या पातळ थराच्या बोर्डाच्या पट्ट्या कापल्या की त्यांचे स्लीपर होतात, आणि पितळी रूळ त्यांवर सोल्डरने डागता येतो. एका छंदाचे भंगार दुसऱ्याचा कच्चा माल झाले याचा मला कोण आनंद!

अण्णांना मी तो रूळ दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पाहिले आणि विचारले, “मीटरचे साडेअकरा आले म्हन्लास. मग बारा का?”

मी म्हणालो, “अर्ध्या मिलिमीटरचा तर फरक आहे, अण्णा.”

“अर्धा तुझ्यासाठी. गाडीसाठी किती?”

गुणाकार केला. चव्वेचाळीस मिलिमीटर. “एवढा गेज सुटला तर गाडी उतरंल,” एवढे बोलून ते अंगणात गेले.

आम्हा साहित्यवाल्यांना अशी तपासणी सहसा भेटत नाही. टीकालेखातला पोकळ सांधा एखाद्या भारदस्त शब्दाने बुजवता येतो आणि वाचक सौजन्याने पुढे जातो. सोल्डरचा सांधा कोरडा राहिला तर प्रवाह जात नाही, तिथे कोणाचे नाव सांगून भागत नाही. हे मी अनेक वर्षे मोठ्या तोऱ्यात सांगत असे. त्यात मी लपवत असे ते हे, की तीन छंद असणाऱ्याला पळवाटाही तीन असतात. स्टेशनचे छप्पर जमेना की मी रेडिओकडे वळे. रेडिओ खरखरू लागला की कॅमेऱ्याकडे. आणि हे पळणे इतके हातकामाचे, इतके घामाचे असे की ते पळणे आहे हे मलाही कळत नसे.

मीटरगेज जाणार हे ठरले तेव्हा मी आमच्या स्टेशनची मापे घ्यायचे मनावर घेतले. छायाचित्रावरून इमारतीचे माप काढायचे तर चित्रात ज्ञात लांबीची एक वस्तू लागते, आणि ती भिंतीला लागून हवी, नाहीतर अंतरामुळे हिशेब चुकतो. मी सहा फुटांची पट्टी घेतली, फुटाफुटावर काळा आणि पांढरा रंग दिला, आणि ती धरायला अण्णांना बरोबर नेले. ते परीटघडीचे धोतर, पांढरा सदरा आणि नवी टोपी घालून आले. चार ठिकाणी उभे केले. पट्टी ओळंब्यात राहावी म्हणून त्यांना सांगितले की माझ्याकडे पाहू नका, पट्टीकडे पाहा. तिसऱ्या वेळी त्यांनी विचारले, “टोपी नीट हाय का?” मी कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणालो, “टोपीचं राहू द्या, काठी सरळ धरा.”

रीळ धुवायला मे महिन्याची सुटी उजाडावी लागली. सुटीआधी वेळ नव्हता असे नाही. रीळ धुण्यासाठी मला घड्याळावर विसंबायचे नव्हते, स्वतः केलेला टाइमर हवा होता, आणि तो करण्यात हिवाळा गेला. ५५५ या क्रमांकाची ती प्रसिद्ध चिप, साडेसात लाख ओहमचा रेझिस्टर आणि ४७० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर: गणिताने सुमारे ३८८ सेकंद, म्हणजे जवळजवळ साडेसहा मिनिटे. चोवीस अंशाच्या डेव्हलपरला मला तेवढीच हवी होती. जानेवारीत दहा वेळा तपासला, दहाही वेळा वाजला.

मे महिन्यात आमच्याकडे चोवीस अंश म्हणजे विकत आणायची वस्तू. घमेल्यात बर्फ घालून त्यात डबा ठेवला, टाइमरची कळ दाबली. डबा अधूनमधून हलवायचा आणि मधल्या मोकळ्या वेळात चार स्लीपर डागायचे असे ठरवले. चाराचे बारा झाले, डबा हलवायचे विसरलो. बझर वाजला की उठायचे होते. तो वाजलाच नाही. कंडेन्सर हा रांजणासारखा असतो. ठरावीक पातळीला भरला की चिप जागी होते. असले कंडेन्सर थोडे गळतात आणि उन्हाळ्यात अधिक गळतात. माझा रांजण जितका भरत होता तितकाच गळत होता, पातळी कधी गाठलीच गेली नाही. अण्णांनी जेवायला हाक मारली तेव्हा तास उलटून गेला होता. भिंतीवर घड्याळ होते. ते मी टाइमर सुंदर दिसावा म्हणून टेबलामागच्या भिंतीवरून काढून दारावर लावले होते.

डेव्हलपरमध्ये जास्त राहिलेल्या निगेटिव्हमध्ये उजेडाच्या जागा आधी बुजतात. चुन्याची भिंत, आभाळ, पिवळी पाटी, सारे एका डांबरी काळोखात गेले. सावलीतले मात्र वाचले. पाटीवरची काळी अक्षरे लागतात. छपराखालची सावली लागते. पट्टीचे काळे पट्टे चारही चित्रांत स्पष्ट आहेत, त्यामुळे मापे निघाली; स्टेशन मापाला बरोबर झाले. पांढऱ्या कपड्यांतले अण्णा पांढऱ्या भिंतीत गेले. चेहऱ्याच्या जागी एक राखाडी डाग आहे, आणि कपाळ संपून टोपी सुरू होते तिथे अंधूक रेष.

मी त्यांना काहीच सांगितले नाही. फोटो आले का, असे त्यांनी दोनदा विचारले. मी म्हणालो, छापायचे आहेत. अकोला–पूर्णा मार्ग २००८मध्ये ब्रॉडगेज झाला. ती गाडी पाहायला ते एकटेच गेले. २०११च्या पावसाळ्यात ते वारले. त्यांचे म्हणावे असे दुसरे छायाचित्र आमच्याकडे आहे ते ओळखपत्रावरचे, शिक्का अर्ध्या गालावर असलेले.

पुढे केव्हातरी मी त्या रेषेवरून, पट्टीच्या हिशेबाने त्यांची उंची काढली. साडेपाच फूट, थोडे इकडेतिकडे. भारतीय ब्रॉडगेजची रुंदीही साडेपाच फूटच आहे. या योगायोगाचे काय करावे हे मला समजले नाही.

टाइमर दुरुस्त केला आहे, चांगला कंडेन्सर घालून. रीळ हल्ली क्वचितच धुतो, आणि धुतो तेव्हा हातात घड्याळ असते. रूळ उखडून पुन्हा घातला, या वेळी साडेअकरा मिलिमीटरचा. डब्यांच्या चाकांची जोडगोळी प्रत्येकी आवळून घ्यावी लागली आणि त्यात दीड वर्ष गेले. स्टेशनच्या भिंतीशी लाकडाची एक बाहुली उभी केली आहे, एकोणीस मिलिमीटरची. हातात काठी नाही. टोपी तीनदा रंगवली. भिंगातून पाहिले की ती अजून जराशी डावीकडे कललेली वाटते.