न कमावलेलं

रोमकरांना लिहिलेल्या पत्रात पौलाने मरणाला पापाची मजुरी ठरवलं आहे आणि सार्वकालिक जीवनाला देवाचं दान. मजुरी कमवावी लागते, दान पदरात पडतं. मात्र या दानाला श्रद्धेची अट आहे आणि श्रद्धा न ठेवणाऱ्यासाठी नरक, असं कित्येक प्रवचनांत सांगतात. मग त्याला दान म्हणायचं की करार?

इंदूरच्या माणसाला हा प्रश्न निव्वळ ग्रंथातला वाटत नाही. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये ख्रिस्ती संन्यासिनी सिस्टर राणी मारियांचा खून झाला. सुऱ्याचे पन्नासहून अधिक वार झाले. वय अवघं ४१. मूळच्या केरळच्या, देवास जिल्ह्यातल्या आदिवासींना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी झटत होत्या, आणि तेच काहींना खुपलं. मारेकरी समंदरसिंग याला जन्मठेप झाली.

२००२ च्या रक्षाबंधनाला राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, इंदूरच्या तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. मला इथे थांबावंसं वाटतं. राखी तिच्या धर्मातली नव्हे, त्याच्या घरची रीत. देणारीने घेणाऱ्याची भाषा उचलली. पुढे कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी शब्द टाकला आणि २००६ मध्ये तो बाहेर आला. केरळात तो भेटायला गेला, तेव्हा राणी मारियांच्या माउलीने त्याच्या हातांचं चुंबन घेतलं. लेकीचं रक्त लागलेले ते हात.

समंदरसिंगाला पश्चात्ताप झाला होता, हे खरं. पण पश्चात्तापाने त्या क्षमेची किंमत चुकती झाली, असं कोण म्हणेल? कितीही रडला असता तरी त्या चुंबनावर त्याला हक्क सांगता आला नसता. अट आणि किंमत यांतला फरक मला इथे कळतो. हात पुढे केल्याशिवाय राखी बांधता येत नाही; म्हणून काही हात पुढे करणं हे राखीचं मोल होत नाही.

नरकाच्या धाकाबाबत मात्र माझं समाधान होत नाही. समंदरसिंगाने हात मागे घेतला असता, तर सेल्मी पॉल त्याला शाप देऊन परतली असती, असं मला वाटत नाही. मग देवाचं मन तिच्याहून लहान कसं मानू?

आणि अंतहीन वर्षांचं मला आकर्षणही नाही. आमच्या तुकोबांनी मोक्षच नको म्हटलं. देवाचा विसर न पडावा एवढं दान मागितलं, त्यासाठी पुन्हा गर्भवास पत्करला. योहानाच्या शुभवर्तमानातही येशू शिष्यांसाठी प्रार्थना करताना देवाला ओळखणं यालाच सार्वकालिक जीवन म्हणतो. तिथे वर्षांचा हिशेबच नाही. तसं असेल, तर ते मरणानंतर सुरू व्हायची वाट कशाला पाहायची? ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरात कॅथलिक चर्चने राणी मारियांना 'धन्य' घोषित केलं, तेव्हा समंदरसिंग जिवंत होता, मोकळा होता. त्याला मिळालेलं जीवन याच जगातलं होतं, आणि ते त्याने कमावलेलं नव्हतं.